वाघ्याचा होकार

दिवाळीच्या अंकात कर्करोगावर लिहू नये, एवढे भान मला आहे. ताटात चकली असावी आणि अंकात हसणेखिदळणे असावे, ही आपली जुनी रीत. ती मोडण्याची हौस मला मुळीच नाही. पण गेले चार महिने आमच्या घरात दुसरा विषय नाही, आणि ज्याच्यापायी हा विषय निघाला तो या क्षणी माझ्या पायाशी, पंख्याखाली आडवा पडून, खुशाल घोरतो आहे. आपल्याला काय झाले आहे हे त्याला ठाऊक नाही. तेव्हा वाचकांनीही थोडा वेळ त्याच्याइतकेच निर्धास्त राहायला हरकत नाही.

त्याचे नाव वाघ्या. नऊ वर्षांपूर्वी, मुसळधार पावसात, विक्रोळीच्या कन्नमवारनगरात आमच्या इमारतीच्या जिन्याखाली तो सापडला, तेव्हा ओंजळीत मावेल एवढा होता. नाव नातवाने ठेवले. खंडोबाच्या दारी शोभावे असे नाव, आणि स्वभाव असा की मांजर दिसले की स्वारी पलंगाखाली. जात विचाराल तर अस्सल विक्रोळीकर. याहून खोल वंशावळ उपलब्ध नाही. सकाळी मला खाडीच्या बाजूच्या रस्त्यावर फिरवून आणणे, दुपारी झोपणे आणि संध्याकाळी दाराशी बसून जिन्यातल्या पावलांची हजेरी घेणे, एवढा त्याचा दिनक्रम. मी निवृत्त शाळामास्तर. माझाही याहून फार वेगळा नाही.

ज्येष्ठात त्याच्या जबड्याखाली सुपारीएवढ्या दोन गाठी हाताला लागल्या. मग मागच्या गुडघ्यांमागेही लागल्या. परळ भागातल्या एका डॉक्टरीणबाईंनी गाठीत सुई घालून नमुना घेतला, आणि चार दिवसांनी उत्तर आले: लिम्फोमा. म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशींपैकी एका जातीचा कर्करोग. माणसालाही होतो, कुत्र्यालाही होतो, आणि दोघांतही त्याची चाल बरीचशी सारखी असते. बाईंनी सरळ हिशेब सांगितला. काहीच केले नाही तर महिना-दीड महिना. नुसत्या स्टेरॉइडच्या गोळ्यांवर दोन-तीन महिने. चार औषधे आलटून पालटून, पाच-सहा महिने देण्याची जी पद्धत आहे तिच्यावर बहुधा वर्षभर. दोन वर्षे काढणारे थोडे.

"बरा होईल ना?" आमच्या हिने विचारले.

"बरा होईल असं म्हणत नाही, आजी. बरा राहील."

होणे आणि राहणे या दोन क्रियापदांत मी चाळीस वर्षे मुलांना व्याकरण शिकवले. एवढा फरक त्यांच्यात असेल असे कधी वाटले नव्हते.

मुलगा अमेरिकेत असतो. त्याने रात्री फोन केला. "बाबा, इकडे आता नुसत्या किमोथेरपीवर थांबत नाहीत. तिच्या जोडीला इम्युनोथेरपी देऊन बघतायत, कुत्र्यांनासुद्धा." त्याने मोबाइलवर पाठवलेले लेख मी शब्दकोश आणि पेन्सिल घेऊन वाचून काढले. जे समजले ते असे.

किमोथेरपीचे औषध भराभर वाढणाऱ्या पेशींचे वैरी असते. कर्करोगाच्या पेशी भराभर वाढतात म्हणून मरतात. पण आतड्याचे अस्तर आणि हाडांतला मगज हेही भराभर वाढणारेच, म्हणून तेही होरपळतात. इम्युनोथेरपीचा विचार निराळा. आपल्या शरीराला स्वतःचे पहारेकरी आहेत, पण कर्करोगाची पेशी ही घरचीच पेशी, बिघडलेली. सोसायटीच्या वॉचमनने रहिवाशाचे कपडे घातलेल्या चोराला सलाम ठोकून आत सोडावे, तसे ते पहारेकरी तिला सोडतात. त्या वॉचमनला चोराचा चेहरा ओळखायला शिकवायचे, किंवा त्याचे बांधलेले हात मोकळे करायचे, ही इम्युनोथेरपी. या दुसऱ्या, हात सोडवण्याच्या युक्तीबद्दल अ‍ॅलिसन आणि होंजो या दोघा शास्त्रज्ञांना २०१८ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

मग दोन्ही एकत्र कशाला? माझे आजोळ कोकणातले. उन्हाळ्यात आजोबा शेताच्या एका तुकड्यावर कवळाच्या फांद्या, पालापाचोळा, शेण पसरून राब भाजत. तण जळे, किडींची अंडी जळत, आणि पहिल्या पावसात त्याच राखेत भात पेरले की रोपे तरारून वर येत. नुसते भाजले आणि पेरले नाही, तर तण परत येते. न भाजता पेरले, तर तणाच्या गर्दीत रोप गुदमरते. किमोथेरपी आणि इम्युनोथेरपी यांचे नाते मला या राबासारखे वाटले. शिवाय मरणाऱ्या पेशी मरताना फुटतात, आपल्या खुणा मागे टाकतात, आणि त्या खुणा पाहून झोपलेले पहारेकरी जागे होऊ शकतात. यात अडचणही आहेच. पहारेकरी म्हणजे पांढऱ्या पेशीच, आणि किमोथेरपी त्यांनाही भाजते. तेव्हा किती भाजायचे आणि केव्हा पेरायचे, यातच सगळी विद्या.

ही विद्या पुस्तकी नाही. आपल्या रस्त्यावरच्या कुत्र्यांत एक गाठ नेहमी आढळते, ती त्यांच्या संगतीतून एकाची दुसऱ्याला लागते. आश्चर्य असे की ती गाठ ज्याची त्याची नसतेच. हजारो वर्षांपूर्वी होऊन गेलेल्या एका कुत्र्याच्या पेशी आजही जगभर एका कुत्र्यातून दुसऱ्यात मुक्काम हलवीत आहेत. यावर व्हिन्क्रिस्टीन नावाचे औषध आठवड्याला एकदा, साधारण चार ते सहा वेळा टोचतात, आणि गाठ बहुधा नाहीशी होते. हे औषध मूळचे आपल्या अंगणातल्या सदाफुलीतले. आमच्या गॅलरीत तिच्या दोन कुंड्या आहेत, मी इतकी वर्षे तिला बिनकामाचे झाड समजत होतो. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे दिसले की ही गाठ विरघळते तेव्हा नुसते औषध काम करीत नसते. औषधाच्या पहिल्या घावानंतर कुत्र्याच्या शरीरातले पहारेकरी जागे होऊन गाठीवर तुटून पडतात. म्हणजे ज्याला आपण नुसती किमोथेरपी म्हणत होतो तिच्यात दुसरा भागीदार न सांगता सामील होता.

लिम्फोमावर हेच मुद्दाम जुळवून पाहिले इटलीतल्या संशोधकांनी. २०१० साली त्यांनी प्रसिद्ध केले की किमोथेरपीच्या जोडीला त्यांनी बनवलेली लस दिलेली कुत्री नुसत्या किमोथेरपीवरच्या कुत्र्यांपेक्षा पुष्कळ जास्त जगली. त्याआधी २००७ मध्ये कुत्र्यांच्या तोंडातल्या मेलॅनोमावरची लस अमेरिकेत मर्यादित परवान्यावर आली होती. आणि माणसांची गोष्ट तर आमच्या शेजारची आहे. विक्रोळीच्या पश्चिमेला पवई. तिथली आयआयटी आणि टाटा मेमोरियल यांनी मिळून रोग्याच्याच पहारेकरी पेशी बाहेर काढून, त्यांना शत्रूची खूण शिकवून, परत शरीरात सोडण्याचा उपचार तयार केला. २०२३ च्या ऑक्टोबरात त्याला मान्यता मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी पवईत येऊन तो देशाला अर्पण केला. परदेशातल्या खर्चाच्या सुमारे दहाव्या हिश्श्यात तो होतो, असे तेव्हा सांगितले गेले. या उपचारातही शिकवलेल्या पेशी परत घालण्यापूर्वी काही दिवस किमोथेरपी देऊन जागा मोकळी करतात. आधी राब, मग पेरणी.

मी हे सारे उत्साहाने डॉक्टरीणबाईंना ऐकवले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. "काका, माझ्याकडे यातली निम्मी पद्धत आहे. ती नीट करू या."

इथवर विज्ञान. माझी झोप उडाली ती पुढच्या गोष्टीने.

चौथ्या फेरीला लाल औषध होते. दुसऱ्या दिवशी वाघ्या न्हाणीघराच्या उंबऱ्याशी पडून राहिला. ओकून ओकून पोटात काही उरले नव्हते तरी उमासे थांबेनात. मी शेजारी बसलो होतो. त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिले. त्या नजरेत तक्रार नव्हती, हे मी शपथेवर सांगतो. तक्रार असती तर सोसवले असते. तिच्यात भरवसा होता. या घरात जे होते ते ठीकच असणार, असा. आणि हे दुखणे मी टॅक्सीचे भाडे भरून त्याच्यासाठी आणले होते.

माणूस आजारात आज सोसतो तो उद्याच्या आशेवर. शनिवारपर्यंत सुटेन, दिवाळीला घरी जाईन, नातीचे बारसे पाहीन. वाघ्याला शनिवार नाही, दिवाळी नाही. त्याचे सगळे भांडवल म्हणजे आजचा दिवस. तो मी त्याच्याकडून घेतो आणि त्याच्या मोबदल्यात मिळणारा उद्या माझ्या खिशात ठेवतो. किमोथेरपीला इम्युनोथेरपी जोडणे वैद्यकाच्या दृष्टीने शहाणपणाचे, यात मला शंका नाही. पण प्रत्येक नव्या जोडणीबरोबर त्याच्या आजमधला आणखी एक तुकडा कापला जाणार, आणि मला थांबवायला तो बोलणार नाही.

"तुम्ही फार विचार करता," ही म्हणाली. "एकनाथांनी गाढवाला कावडीतलं पाणी पाजलं, तेव्हा गाढवाची परवानगी घेतली होती का?"

"घेतली होती," मी म्हणालो. "गाढव आपण होऊन प्यायले."

ती गप्प बसली. चाळीस वर्षांच्या संसारात असे मोजकेच प्रसंग.

महाप्रस्थानाच्या वाटेवर युधिष्ठिर कुत्र्याला सोडून स्वर्गात जायला तयार झाला नाही, ही गोष्ट मी वर्गात कितीदा तरी डोळ्यांत पाणी आणून सांगितली असेल. आता वाटते, त्या कथेत इंद्र बोलतो, युधिष्ठिर बोलतो. कुत्र्याला स्वर्ग हवा होता का, हे कोणीच विचारत नाही. त्याला कदाचित हिमालयाच्या उतरणीवर जरा ऊन खात पडायचे असेल. पुढे तो कुत्रा म्हणजे प्रत्यक्ष धर्म होता असे कळते आणि अडचण सुटते. आमचा वाघ्या प्रत्यक्ष वाघ्याच आहे. माझी अडचण अशी सुटण्यासारखी नाही.

मुलाचे म्हणणे वेगळे होते. "तिकडे असता तर आपण त्याला चाचणीत घातलं असतं. त्याच्यामुळे माणसांनाही उपयोग झाला असता." खोटे नाही. अस्थिमज्जेच्या रोपणाची विद्या डॉनल थॉमस यांनी कुत्र्यांवर काम करीत पुढे नेली, आणि १९९० चे नोबेल त्यांना मिळाले. आज ज्यांची पोरे त्या उपचाराने वाचतात ते कुत्र्यांच्या ऋणात आहेत. निदान या नव्या चाचण्यांत आधीच आजारी असलेली घरची कुत्री असतात, त्यांचेही काही भले व्हावे असा हेतू असतो. हा जुन्या काळापेक्षा चांगुलपणाच. तरी माझ्या डोळ्यांपुढे हाफकिन येतात. प्लेगची लस तयार झाल्यावर १० जानेवारी १८९७ रोजी, भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात, त्यांनी ती आधी स्वतःला टोचून घेतली. ताप आला तो त्यांनी सोसला, पण तो त्यांनी स्वतः निवडलेला ताप होता. पुढे त्यांच्या नावाची संस्था परळला उभी राहिली. तिच्यापासून चालण्याच्या अंतरावर जनावरांचे इस्पितळ आहे, सर दिनशा पेटिट यांनी पत्नी साकरबाईंच्या नावाने १८८० च्या दशकात उभे केलेले. टॅक्सीवाले त्याला अजून 'बैलघोडा' म्हणतात. आणि जवळच १९४१ मध्ये सुरू झालेले टाटा मेमोरियल.

त्या टाटाच्या बाजूच्या फुटपाथवर दूरदूरच्या गावांहून आलेली माणसे चादरी पसरून असतात. तपासणीचे कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत उशाला घेऊन झोपलेली. आमची टॅक्सी तिथून जाते तेव्हा वाघ्या खिडकीतून तोंड बाहेर काढून वारा पितो, आणि मी मान आत घेतो. दर फेरीला माझ्या पेन्शनचा पाचवा हिस्सा जातो. तो एखाद्या चादरीवर ठेवला असता तर? या प्रश्नाला मी पुष्कळ उत्तरे तयार केली. एकही टाटाच्या कोपऱ्यापलीकडे टिकले नाही. एवढेच म्हणतो, की वाघ्यावरचा खर्च थांबवला असता तर तो पैसा त्या चादरीवर गेला असता, असे मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. बहुधा घराला रंग लागला असता.

आता रिक्षावाल्याची गोष्ट सांगितली पाहिजे. रिक्षा शीवच्या पुढे मुंबईत जात नाही, म्हणून विक्रोळीहून शीवपर्यंत रिक्षा आणि तिथून टॅक्सी, असा आमचा प्रवास. रिक्षा शेजारच्या इमारतीतल्याची. त्याची बायको याच वर्षी स्तनाच्या कर्करोगाने आजारी पडली. तिच्याही फेऱ्या परळलाच. वाघ्याला काय झाले आहे हे मी त्याला महिनाभर सांगितले नाही. 'इंजेक्शन आहे' म्हणायचो. कशाला लाज वाटत होती, ते वर सांगितलेच. शेवटी आमच्या हिच्या तोंडून निघाले. दुसऱ्या दिवशी त्याची बायको दारात उभी. डोक्याला ओढणी घट्ट गुंडाळलेली. मला वाटले, आता ऐकावे लागणार, आणि ते रास्तच असणार.

ती वाघ्यापुढे खाली बसली. त्याच्या मिशांचे लांब केस गळून गेले आहेत. किमोथेरपीत कुत्र्यांचे एरवीचे केस फारसे जात नाहीत, पण मिशा जातात. तिने त्याच्या गुळगुळीत ओठांवरून बोट फिरवले आणि हसली. "ह्याला पण लाल औषध?" मी मान डोलावली. वाघ्याच्या चार औषधांतली दोन तीच आहेत, जी तिला दिली.

"काका, ह्याला विचारायला पाहिजे होतं, असं तुम्ही म्हणता म्हणे. काकू सांगत होत्या."

"वाटतं खरं. पण विचारणार कसं?"

"मला तरी कुठं विचारलं?" ती अगदी साधेपणाने म्हणाली. "सही ह्यांनी केली. दिरांनी सांगितलं, गाठ आहे, काढली की झालं. मला वॉर्डातल्या बाईकडून कळलं. मी बोलते की, काका. मला बोलता येतं."

ती गेल्यावर मी बराच वेळ गॅलरीत उभा होतो.

१९७९ मध्ये माझी आई गेली. पोटाचा कर्करोग होता. आम्हा तिघा भावंडांना ठाऊक होते, डॉक्टरांना ठाऊक होते, मला वाटते दूधवाल्यालाही ठाऊक होते. आईला सांगितले होते, अल्सर आहे. डॉक्टरांनी विचारले होते, त्यांना कल्पना द्यायची का? मी सव्वीस वर्षांचा, घरातला शिकलेला, मीच म्हणालो, "नको, तिला सोसणार नाही." तिने शेवटच्या महिन्यात एकदा म्हटले, "मला एकदा गावी घेऊन चल." मी म्हणालो, "बरी झालीस की जाऊ." औषधे चालू ठेवली. तिला आधी ठाऊक असते तर तिने औषधे निवडली असती की गाव, हे मला आज सांगता येत नाही, कारण मी ते तिला कधी विचारले नाही. आणि मी इथे तीन आठवडे कुत्र्याच्या संमतीवर तत्त्वज्ञान करीत होतो! ज्याला बोलता येत नाही त्याच्या होकारासाठी माझा जीव तुटत होता. जिला बोलता येत होते तिचे तोंड मी प्रेमाने बंद केले होते. प्रेमाने, हे खरेच. त्यात मी स्वतःला फसवीत नाही.

दुसऱ्या दिवशी मी रिक्षावाल्याला खाली गाठले आणि हे सगळे सांगितले. तो ऐकत होता आणि फडक्याने काच पुसत होता. पुसून झालेली काच त्याने पुन्हा पुसली. पुढच्या फेरीला तो बायकोला डॉक्टरांसमोर घेऊन बसला आणि म्हणाला, तिलाच सांगा. तिने काय काय विचारले ते त्याने मला सांगितले नाही, मीही विचारले नाही. ती उपचार घेते आहे. कागदावर आता सही तिची असते.

वाघ्याच्या बाबतीत डॉक्टरीणबाईंनी एक उपाय सांगितला. त्याला आवडणाऱ्या तीन गोष्टी लिहून ठेवा. तीनपैकी दोन सुटल्या की औषधाविषयी पुन्हा बोलू. आम्ही लिहिल्या: सकाळचा खाडीकडचा रस्ता, जिन्यातल्या पावलांची हजेरी, आणि भाकरीचा पापुद्रा. ही रोज रात्री कालनिर्णयावर हिशेब मांडते. चांगल्या दिवसाला ती स्वतःच्या पाकिटातली लाल टिकली चिकटवते, वाईट दिवस मोकळा. लाल औषधानंतरचे तीन चौकोन मोकळे आहेत. मग श्रावणात सलग टिकल्या. भाद्रपदाच्या पानावर अधूनमधून खिंडार. त्या औषधाची मात्रा बाईंनी पुढच्या वेळी कमी केली. मुलगा म्हणतो, यंदा इकडे एक नवी चाचणी सुरू होते आहे, लस पाठवता येईल का ते विचारतो. मी त्याला नको म्हटलेले नाही. फक्त कालनिर्णयाच्या पानांचे फोटो काढून त्याला पाठवले आणि म्हटले, विचारशील तेव्हा हेही दाखव.

गेल्या सोमवारी फेरी होती. एरवी मी पट्टा अडकवतो आणि ओढत नेतो. त्या दिवशी पट्टा खुंटीवरच ठेवला, दार उघडले, आणि खाली जाऊन रिक्षाशेजारी उभा राहिलो. रिक्षावाला म्हणाला, "येईल का?" मी म्हणालो, "बघू." दोन-तीन मिनिटे गेली. मग जिन्यावर नखांचा आवाज आला. वाघ्या खाली उतरला, चाकाचा वास घेतला, त्यावर तंगडी वर केली, आणि मागच्या सीटवर चढून बसला.

त्याला रिक्षातला वारा आवडतो, हेही खरे. रिक्षावाल्याने मीटर टाकला.